बोलावणं कुणाला? मराठी लिहिणाऱ्यांच्या बैठकांची जुनी गोष्ट

ओपन माइक, रायटर्स मीटअप वगैरे आता नाशिक-कोल्हापुरातही जोरात आहेत आणि चांगलंच आहे, पण लिहिणाऱ्यांनी एकत्र बसायची ही खोड आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षं जुनी आहे, आणि तिच्याबरोबर एक भांडणही तेवढंच जुनं आहे, ते म्हणजे बोलावणं कुणाला गेलं आणि कुणाला नाही.

सुरुवात 1878 ची. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी आवाहन करून मे महिन्यात पुण्याच्या हिराबागेत ग्रंथकारांना जमवलं. तेव्हा छापील मराठी पुस्तकं मोजकी, विकत घेणारे त्याहून मोजके, त्यामुळे आधी लिहिणाऱ्यांनी एकमेकांना ओळखावं, ग्रंथांचा प्रसार कसा होईल ते बघावं असा सरळ हिशेब. आजच्या भाषेत नेटवर्किंगच की! दुसरी सभा भरायला मात्र 1885 उजाडलं. तिचं आमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं आणि त्यांनी ते चक्क नाकारलं. त्यांचं पत्र ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आलं. जे लोक माणसाला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा मथितार्थ, आणि अशा लोकांना त्यात मारलेला ‘घालमोडे दादा’ हा टोमणा अजून लोकांच्या तोंडी आहे. मला विचाराल तर या अख्ख्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच, कारण पुढे जे काही घडलं त्यातलं निम्मं तरी या नकाराच्या वाटेनं गेलं.

बरं, त्यानंतर वीस वर्षं काहीच नाही. तिसरी सभा, म्हणजे आजच्या मराठी साहित्य संमेलनाच्या मोजणीतलं तिसरं संमेलन, थेट 1905 ला साताऱ्यात, आणि 1906 ला पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद निघाली तेव्हा कुठे मागे एक कायमची संस्था उभी राहिली. तरीपण संमेलनाच्या अध्यक्षपदावर पहिली बाई, कुसुमावती देशपांडे, यायला 1961 उजाडावं लागलं, यावर वेगळं काय बोलायचं.

माझ्या मते खरी गंमत मोठ्या मांडवात नव्हतीच कधी. 1923 ला पुण्यात रविकिरण मंडळ जमलं ते बघा. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, दिवाकर, वि. द. घाटे ही मंडळी रविवारी चहाला जमायची, एकमेकांच्या कविता ऐकायची, त्यावर बोलायची. तेवढ्यावर थांबले नाहीत, मिळून पुस्तकं काढली आणि कविता जाहीरपणे गाऊन म्हणायला लागले. यशवंत-गिरीशांच्या काव्यगायनाला लोक गर्दी करायचे, म्हणजे ज्यांनी कवितेचं पुस्तक कधी हातात धरलं नाही त्यांनाही कविता पाठ व्हायला लागल्या. टिंगलही झाली, अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ या विडंबनांच्या पुस्तकात या कवींना मस्त सोलून काढलं. आणि आज ठाण्या-बोरिवलीत लोक गप्पा-व्याख्यानांना जमतात ते कट्टे अत्र्यांच्याच नावाचे, आता बोला!

ज्यांना अशा चहाला कुणी बोलावत नव्हतं त्यांनी आपापली बैठक मांडली. 1958 ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, उद्घाटक अण्णा भाऊ साठे, ज्यांना शाळा जेमतेम बघायला मिळाली असा माणूस. नंतर औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं, आणि ते नुसतं त्रैमासिक राहिलं नाही, त्याचे लेखक-वाचक मेळावे वेगवेगळ्या गावांत व्हायला लागले, कुठल्या तरी खेड्यातला नुकता लिहायला लागलेला पोरगा तिथे पहिल्यांदा आपल्यासारखं लिहिणारे दुसरे बघायचा. तिकडे मुंबईत लिटल मॅगझिनवाले, म्हणजे छोटी अनियतकालिकं काढणारे, स्वतःच सायक्लोस्टाइल करून अंक वाटत होते आणि प्रस्थापित मासिकांशी हाणामारी करत होते, त्यांचं वेगळंच रामायण आहे, इथे नको. 1999 ला धारावीत विद्रोही साहित्य संमेलन भरलं, बाबुराव बागुल अध्यक्ष, म्हणजे फुल्यांच्या पत्राचा धागा शंभर वर्षांनंतरही तुटला नव्हता.

कोकणातली तक्रार जातीपेक्षा अंतराची होती. लिहिणारे भरपूर, पण चार लोकांत काही वाचायचं तर मुंबई नाहीतर पुणे गाठा. 1991 ला मधु मंगेश कर्णिकांनी रत्नागिरीत कोकण मराठी साहित्य परिषद काढली, तालुक्या-तालुक्यात शाखा निघाल्या, आणि कवी केशवसुतांच्या मालगुंड गावात 1994 ला त्यांचं स्मारक उभं राहिलं.

आणि शाखेची बैठक म्हणजे कशी असते, तर शाळेचा किंवा वाचनालयाचा हॉल (तो फुकट मिळतो म्हणूनच सगळं चालतं), सतरंजी, पुढे दोन-तीन खुर्च्या, वही घेऊन आलेले निवृत्त मास्तर, बँकेतून परस्पर आलेली कुणीतरी, कोपऱ्यात बसून नाव पुकारायची वाट बघणारा कॉलेजचा मुलगा. सूत्रसंचालक प्रत्येकाला ‘एकच कविता’ म्हणून बजावतो आणि स्वतः तीन वाचतो, अध्यक्षांचं मनोगत लांबतं, शेवटची एसटी चुकेल म्हणून लोक चुळबुळ करतात, पण पुढच्या महिन्यात त्यातले बहुतेक परत हजर.