फोटो हलला की फोकस चुकला?

नाशिकच्या रामकुंडावर संध्याकाळी काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. आई पायरीवर वाकून द्रोणातला दिवा पाण्यात सोडतेय, मागे दुतोंड्या मारुती. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसत होता. घरी येऊन मोठा करून पाहिला तर आईचा चेहरा धूसर. हात हलला असणार, असं धरून मी ट्रायपॉड घेतला, पुढच्या आठवड्यात तो खांद्यावर टाकून पुन्हा गंगेवर, म्हणजे गोदावरीवर गेले, आणि पुन्हा चेहरा धूसरच आला. मग दोन्ही फोटो नीट न्याहाळले. दोन्हींत मारुती अगदी रेखीव होता. हात हललाच नव्हता. फोकस आईला सोडून मारुतीवर जाऊन बसला होता.

आपण दोन्हीला ‘ब्लर’ म्हणतो आणि तिथंच फसतो. हललेला फोटो आणि फोकस चुकलेला फोटो हे दोन वेगळे आजार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं.

शटर (उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा) उघडं असताना कॅमेरा किंवा समोरचा माणूस सरकला की फोटो हलतो. प्रत्येक बिंदूची रेघ होते, म्हणून या धूसरपणाला दिशा असते. फोकस चुकतो तेव्हा काहीच सरकलेलं नसतं. लेन्सनं स्पष्टपणा पुढं किंवा मागं भलत्याच अंतरावर दिलेला असतो. तिथं प्रत्येक बिंदूची गोल टिकली होते आणि कडा चहूबाजूंनी सारख्याच पसरतात.

ओळखायला घाटावरचे दिवे फार उपयोगी पडतात. फोटो पूर्ण मोठा करा आणि लांबच्या दिव्यांकडे बघा. सगळ्या दिव्यांची एकाच वळणाची शेपटी निघाली असेल, तर तुमचा हात हलला. दिवे गोल फुगले असतील, तर फोकस तिथं नव्हता. मग पुढची पायरी, माणूस, मागची भिंत असं क्रमानं बघत जा. फोकस चुकलेल्या फोटोत बहुतेक वेळा कुठंतरी एक पट्टा लख्ख सापडतो.

घोटाळा होतो तो मागचं स्पष्ट आणि माणूस धूसर असतो तेव्हा. फोकस मागं गेला, की माणूसच हलला? अशा वेळी त्याच माणसाचा स्थिर भाग शोधायचा. आईच्या दुसऱ्या एका फोटोत दिवा सोडणारा हात पुसल्यासारखा आलाय, पण त्याच अंतरावर असलेल्या लुगड्याच्या काठाचा धागान् धागा दिसतो. म्हणजे फोकस बरोबर होता, हात हलता होता. काठही तितकाच मऊ आला असता तर दोष फोकसचा.

आता उपाय. आपला हात हलत असेल तर कोपरं बरगड्यांना टेकवा, घाटावरच्या एखाद्या खांबाला पाठ लावा, श्वास सोडताना बटण दाबा. शटर स्पीडचा, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्याचा, जुना हिशोब अजूनही कामाचा आहे: ५० मिमी लेन्सला निदान १/५० सेकंद, २०० मिमीला १/२००, आणि क्रॉप सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती नेहमीपेक्षा लहान) असेल तर त्याच्या दीडपट वेगवान. ट्रायपॉड आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) हे दोन्ही फक्त कॅमेऱ्याची हालचाल थांबवतात. चालत्या माणसाला ते थांबवू शकत नाहीत. तिथं १/२५०च्या आसपासचा शटर स्पीडच लागतो. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात, उडी मारणाऱ्यासाठी मी १/१००० ठेवते.

फोकससाठी पहिलं काम म्हणजे फोकसचा बिंदू कॅमेऱ्याला निवडू न देता स्वतः निवडायचा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवायचा. अंधारात कॅमेऱ्याला रेघ हवी असते, उजेड आणि सावली भेटतात ती कड. काळाराम मंदिराची सपाट काळी भिंत दिली की कमी उजेडात लेन्स पुढं-मागं चाचपडत राहते. त्याच भिंतीच्या कोरीव कडेवर ती चटकन थांबते. आणखी एक बारीक चूक फार जण करतात: बटण अर्धं दाबून फोकस धरतात, तेवढ्यात समोरचा माणूस दिवा सोडायला पुढं वाकतो. तो इतका हळू वाकतो की फोटोत रेघ उमटत नाही, पण फोकसच्या बाहेर मात्र गेलेला असतो. अशा वेळी कंटिन्युअस फोकस, म्हणजे सरकत्या माणसामागं सतत सरकत राहणारा फोकस, लावून ठेवावा.

सगळ्यात अवघड जागा पुढे आहे. अंधारात फोटो हलतो म्हणून आपण अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, मोठं उघडतो, शटरला वेग मिळतो. पण त्याच क्षणी फोकसचा पट्टा पातळ होतो. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लेन्स, दोन मीटरवरचा माणूस आणि अ‍ॅपर्चर एफ/१.८ (आकडा लहान तितकं भोक मोठं) धरलं, तर स्पष्ट पट्टा जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा. वाकलेल्या आईचा चेहरा आणि पुढं केलेला हात यांत त्याच्या कितीतरी पट अंतर! एफ/४ केलं की पट्टा पाव मीटरपर्यंत जातो, पण प्रकाश पाचपट घटतो आणि १/१२५चा शटर १/२५वर येतो. म्हणजे फोकस सुधारला आणि फोटो हलला. यातून वाट काढायची ती आयएसओनं, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता वाढवून: शटर १/१२५लाच ठेवून आयएसओ ८००वरून ४००० करायचा. फोटोत दाणे येतात, येऊ द्यावेत. दाणेदार फोटो छापून भिंतीवर लावता येतो. डोळे पुसले गेलेला फोटो कुठलंही सॉफ्टवेअर खरेपणानं परत देत नाही.

मोबाइलचं गणित थोडं निराळं आहे. सेन्सर लहान, त्यामुळं फोकसचा पट्टा खूप रुंद. मोबाइलवरचे बहुतेक धूसर फोटो हललेलेच असतात. नाइट मोड तर बऱ्याचदा सेकंदभर किंवा त्याहून जास्त वेळ प्रकाश गोळा करतो, तेवढ्यात आरतीचं ताट फिरून जातं. फोकस चुकतो तो फार जवळ गेल्यावर, द्राक्षाच्या मण्यावरचं दव टिपताना वगैरे. तिथं थोडं मागं सरकावं. आणि आधी लेन्स रुमालानं पुसावी. बोटाचा तेलकट डाग दिव्यांभोवती जे धुकं आणतो, ते या दोन्हींत बसत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरला दोन्ही आजार एकाच सकाळी भेटतात. २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेलं हे ठिकाण. जांभळी पाणकोंबडी गवताआड उभी असते, कॅमेरा पुढचं पातं पकडतो: फोकस. लगेच रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठतो, पंखांचे फराटे येतात: शटर. पाणकोंबडीसाठी एकच लहान बिंदू गवताच्या फटीतून तिच्या डोळ्यावर, थव्यासाठी १/१६०० आणि कंटिन्युअस फोकस. मी या दोन जुळण्या कॅमेऱ्याच्या दोन वेगळ्या कस्टम मोडवर (आपल्या जुळण्या साठवायच्या जागांवर) ठेवल्यात, कारण थवा उठल्यावर मेनू शोधायला वेळ नसतो.

डोळा तयार करायचा असेल तर एक संध्याकाळ द्या. घाटावरचा एक दिवा निवडा. फोकस त्यावर पक्का करून कॅमेरा हातात धरून १/४, १/१५, १/६० आणि १/२५० असे चार फोटो काढा. उजेड सांभाळायला आयएसओ ऑटो ठेवा. मग १/२५० कायम ठेवून फोकस हातानं आधी दिव्याच्या पुढं, मग दिव्यावर, मग मागं न्या. घरी हे सातही फोटो शेजारीशेजारी मोठे करून बघा आणि मग आपले जुने बिघडलेले फोटो उघडा. मी असंच केलं तेव्हा, इतकी वर्षं हललेले म्हणून बाजूला ठेवलेले कितीतरी फोटो फोकस चुकलेले निघाले.