घरकर्ज मुदतीआधी निल करताना कापलेले पैसे परत मागायचे असतील तर

‘खातं निल केलं, नोड्यूज (कर्ज बाकी नसल्याचा दाखला) मिळालं, पण हिशेबात वीस-तीस हजार जास्तीचे गेले, परत मिळतील का?’ हा प्रश्न आमच्या अर्ज-झेरॉक्सच्या टेबलावर रोजचा झाला आहे, म्हणून हे पत्रक.

आधी मंजुरीपत्र काढा आणि व्याजाचा प्रकार पाहा. तिथे ‘फ्लोटिंग’ किंवा ‘व्हेरिएबल’, म्हणजे बदलता दर, लिहिले असेल, कर्ज व्यक्तीच्या नावावर असेल आणि ते घरासाठी असेल, तर मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ही मनाई २०११ पासून आणि बँकांना ५ जून २०१२ पासून आहे. पैसे कापूस विकून आलेले आहेत की दुसऱ्या बँकेत कर्ज वळवून आणले, हा प्रश्न फ्लोटिंगला लागूच होत नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश आहेत. त्यांत किमान अमुक महिने कर्ज चालवलेच पाहिजे, अशी अटही चालत नाही.

‘फिक्स्ड’, म्हणजे न बदलणारा दर, असेल तर गोष्ट वेगळी. हाउसिंग फायनान्स कंपनीचे फिक्स्ड घरकर्ज तुम्ही स्वतःच्या पैशाने फेडले असेल तर दंड लागत नाही. बँक किंवा फायनान्स कंपनीकडून उसना न घेतलेला पैसा तो स्वतःचा. बाजार समितीतली विक्रीची पट्टी, भूसंपादनाच्या मोबदल्याची पासबुकातली नोंद, प्लॉट विकल्याचे खरेदीखत, यांतले जे असेल ते जोडा. दुकानासाठी घर गहाण ठेवून घेतलेल्या जुन्या मॉर्गेज लोनला हे सरसकट लागू नाही. त्याचे करारपत्र वाचल्याशिवाय आम्ही हो म्हणत नाही. पतसंस्थेचे कर्ज रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिथली तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जाते.

आता फोरक्लोजर लेटर, म्हणजे खाते बंद करताना दिलेला रकमेचा तपशील. मुद्दल, व्याज आणि बाकीचे आकार त्यात वेगवेगळ्या ओळींत असतात. समजा मुद्दल ६,४०,००० रुपये राहिले होते आणि ४ टक्के दंड लावला, तर ते झाले २५,६०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,६०८. म्हणजे मागायची रक्कम ३०,२०८, नुसते २५,६०० नव्हे. जीएसटी मागायचा राहतो तो इथेच. दुसरी ओळ व्याजाची. १२ तारखेला पैसे भरले आणि व्याज महिनाअखेरपर्यंतचे लावले, असे होते. ११ टक्क्यांनी ६,४०,००० वर दिवसाचे व्याज साधारण १९३ रुपये पडते. १८ दिवसांचे झाले जवळपास ३,४७२. कर्ज जितके दिवस वापरले तितक्याच दिवसांचे व्याज घ्या आणि जास्तीचे परत करा, असे रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ ला लेखी बजावले आहे.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र हिशेबातली नाही. ‘तीन खेपा मारल्या, साहेब म्हणे होऊन जाईन’, ही तोंडी तक्रार. ती मोजली जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (अशा तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाण्याआधी बँकेला किंवा कंपनीला लेखी तक्रार दिलेली असावी लागते, आणि त्यांनी ती नाकारलेली असावी किंवा ३० दिवस उलटूनही समाधान झालेले नसावे लागते. तोंडी खेपांच्या भरवशावर थेट ऑनलाइन पोर्टलवर भरलेली तक्रार अग्राह्य ठरते. मग लेखी अर्ज, ३० दिवसांची वाट, पुन्हा पोर्टल, असे सगळे पहिल्यापासून करावे लागते. फोनवर बोललात, मॅनेजरने व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला, तरी तो पुरावा धरू नका.

अर्ज एका पानाचा पुरतो. कर्ज खाते क्रमांक, खाते बंद केल्याची तारीख, भरलेली एकूण रक्कम, त्यातली हरकतीची रक्कम ओळीनिहाय, आणि परतावा ज्या खात्यात हवा तो क्रमांक आयएफएससीसह. रागाचे परिच्छेद नकोत. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. शाखेने पोच द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा.

३० दिवस झाले की बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी) असल्यास रिझर्व्ह बँकेचे सीएमएस हे तक्रारीचे पोर्टल. हाउसिंग फायनान्स कंपनी असल्यास नॅशनल हाउसिंग बँकेचे ग्रिड्स पोर्टल. दोन्हीकडे फी नाही. चौकशीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे.

घराचे मूळ कागद अजून मिळाले नसतील तर तेही अर्जात लिहा. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमाने पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे असतात; त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. नमुना ८ किंवा सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायचे काम निराळे आहे, त्याची गल्लत इथे करू नका.

हे सगळे तुम्ही घरबसल्या फुकट करू शकता. आमच्याकडे केले तर हिशेब, अर्ज, स्कॅन आणि पोर्टल मिळून ३०० रुपये. पैसे परत आले तरी तेवढेच. मिळालेल्या रकमेत टक्केवारी आम्ही घेत नाही. मूळ मंजुरीपत्र आणि फोरक्लोजर लेटर पाहिल्याशिवाय अर्जही लिहीत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, पण नुसत्या नोड्यूजवर कापलेली रक्कम दिसत नाही, आणि अंदाजाने लिहिलेला आकडा पहिल्याच उत्तरात खोडला जातो. ही दोन्ही कागदे हरवली असतील तर शाखेकडून खाते उतारा मागण्याचा अर्ज आधी करून देऊ.

तक्रार तुमच्याच नावाने जाईल, म्हणून तुमचा मोबाईल सोबत आणा. ओटीपी त्याच्यावरच येतो, आणि रिचार्ज संपलेल्या सिमवर तो येत नाही. बाजाराच्या दिवशी झेरॉक्स होऊन जाईल, पण हिशेबाचे काम त्या दिवशी धरत नाही.