मस्टँगच्या मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर बदलणे

फोर्डच्या मस्टँग गाडीच्या डिफरन्शियलमधली (इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांत वाटणारा भाग) क्राउन-पिनियनची, म्हणजे मोठ्या व लहान दातेरी चाकांची, जोडी बदलून चाकांवरची ओढ वाढवण्याचे हे काम. फोर्डच्या ८.८ इंची (हा क्राउनचा व्यास) अ‍ॅक्सलवर ते फार केले जाते. १९८६ पासून २०१४ पर्यंत व्ही-८ इंजिनाच्या मस्टँगला हाच अ‍ॅक्सल होता.

क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे गुणोत्तर. १९८७ ते १९९३ च्या मॅन्युअल गाड्यांत बहुधा २.७३ (४१ व १५ दात) येई. त्याजागी ३.७३ (४१ व ११) बसवले की प्रत्येक गिअरमध्ये ओढ सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते. किंमत मोजावी लागते ती आरपीएममध्ये: २२५/६० आर १५ टायरवर, ०.६८ च्या पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० किमीला इंजिन मिनिटाला १,५०० ऐवजी सुमारे २,०७० फेरे घेते. रोज हायवेवर जाणाऱ्याने ४.१० च्या मोहात पडू नये.

अ‍ॅक्सल शाफ्ट सी-क्लिपवर (आतल्या टोकाच्या खाचेतली ‘सी’ आकाराची कडी) अडकलेले असतात. क्लिप काढण्याआधी क्रॉस-पिनचा (डिफरन्शियलमधली आडवी पिन) लॉक बोल्ट काढावा लागतो आणि तो हमखास तुटतो. नवा आणून ठेवावा.

खरी कसोटी पिनियनची खोली, म्हणजे पिनियन क्राउनच्या किती जवळ बसतो ते. सुरुवात जुन्या शिमच्या (पिनियनच्या बेअरिंगखालची पातळ चकती) जाडीने करावी. जुन्या बेअरिंगचे भोक घासून ते हाताने सरकेल इतके सैल केले, की शिम बदलताना दरवेळी प्रेस लागत नाही. दातांना रंग लावून क्राउन फिरवावा. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करावी. टोकाशी उमटला तर जाड. बॅकलॅश (दोन्हींच्या दातांमधली मोकळीक) ०.२० ते ०.३० मिमी ठेवावा. तो बाजूच्या शिमा एकीकडून काढून तितक्याच दुसरीकडे घालून जुळवतात.

शेवटच्या जोडणीत नवा क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली, नट आवळला की चेपणारी नळी) घालावा. नट जरा-जरा आवळत, क्राउन बसवण्याआधी, पिनियन फिरवायला लागणारा जोर मोजत राहावा: नव्या बेअरिंगला १.८ ते ३.३ न्यूटन-मीटर. जास्त आवळला गेला तर नट सैल करून भागत नाही. चेपलेला स्लीव्ह परत फुगत नाही. बेअरिंगवरचा दाब जातो आणि काही दिवसांत गुरगुर सुरू होते. अशा वेळी स्लीव्ह नवाच घालावा.

स्पीडोमीटर आता ३७ टक्के जास्त वेग दाखवतो. अशा जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सवरचा स्पीडोमीटरचा चालित गिअर जास्त दातांचा बसवावा लागतो. ऑइल सुमारे १.८ लिटर, ट्रॅक्शन-लॉक (एकच चाक गरगरू न देणारा, क्लचचा डिफरन्शियल) असेल तर त्यात फ्रिक्शन मॉडिफायरही (क्लच अडखळू नये म्हणून ऑइलमध्ये घालायचे द्रव्य). पहिल्यांदा १५-२० मिनिटे सावकाश चालवून अ‍ॅक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा आणि ८०० किमीनंतर ऑइल बदलावे.