स्पार्की अँडरसनचा ११ नंबर रिटायर व्हायला १६ वर्षं का लागली

बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा कोच समजा, फक्त तो खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या टीमच्या बाकांवर) बसतो, पाठीवर नंबर असतो, म्हणून त्याचाही नंबर रिटायर होऊ शकतो. ही प्रथा न्यूयॉर्कच्या यांकीज टीमच्या लू गेरिगपासूनची. १९३९ ला आजारपणामुळे त्याचा खेळ थांबला आणि त्याचा ४ नंबर परत कोणालाच दिला नाही. आपल्याकडे २०१७ ला शार्दुल ठाकूरनी सचिनचा १० नंबर घातला तेव्हा लोक किती चिडले होते आठवा, तीच भावना.

तर स्पार्की, अमेरिकन बेसबॉलमधला नावाजलेला मॅनेजर. खेळाडू म्हणून मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एकच सीझन, १९५९ ला फिलाडेल्फियाकडून, बॅटिंग अ‍ॅव्हरेज .२१८, म्हणजे कमीच, बस्स. सिनसिनाटी रेड्सनी त्याला मॅनेजर केलं तेव्हा तो ३५ वर्षांचा होता आणि हा कोण बुवा असंच सगळे विचारत होते, पण १९७५ आणि १९७६ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज (सीझनची फायनल) त्याने जिंकून दिल्या. तरी पुढे दोनदा टीम दुसरी आली म्हणून १९७८ च्या सीझननंतर काढून टाकलं! मग १९७९ ला तो डेट्रॉइट टायगर्सकडे आला.

१९८४ ला टायगर्सनी पहिल्या ४० पैकी ३५ मॅच जिंकल्या. वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या मॅचला आठव्या इनिंगमध्ये टायगर्सचा कर्क गिब्सन बॅटिंगला, समोर सॅन डिएगोचा पिचर (बॉल टाकणारा) गूस गॉसेज. पहिला बेस मोकळा होता, त्यामुळे गिब्सनला मुद्दाम वॉक देतील, म्हणजे चार बॉल लांब टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवतील असं वाटत होतं, स्पार्की डगआउटमधून चार बोटं दाखवत होता. पण गॉसेजला बॉल टाकायचाच होता, ते कळल्यावर पांढऱ्या केसांचा स्पार्की तिथूनच ओरडला की त्याला तुला वॉक द्यायचा नाहीये, आणि गिब्सननी बॉल थेट राइट फील्डच्या स्टँडच्या वरच्या मजल्यावर मारला, तीन रन. नॅशनल (रेड्सची) आणि अमेरिकन (टायगर्सची) अशा मेजर लीगच्या दोन्ही लीगमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकणारा स्पार्की पहिला मॅनेजर ठरला.

आता मुख्य गोष्ट. ऑगस्ट १९९४ ला खेळाडूंचा संप झाला, मालकांना पगारावर मर्यादा हवी होती, त्यात त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. १९९५ च्या सरावाला मालकांनी बदली खेळाडू आणले, बाकी बहुतेक मॅनेजर कामाला लागले, एकटा स्पार्की नाही म्हणाला आणि बिनपगारी रजेवर गेला. माझ्या मते त्याच्या सगळ्या जिंकण्यापेक्षा हे मोठं आहे, कारण ६१ व्या वर्षी नोकरी पणाला लावायला खरंच धाडस लागतं. संप मिटल्यावर तो परत आला, पण त्या सीझननंतर टायगर्स सोडलेच. मालकाशी संबंध बिघडले म्हणूनच नंबर एवढा रखडला असं बहुतेक लोक मानतात, मलाही तेच पटतं.

२००० ला तो हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांचा सन्मान) गेला तो रेड्सची टोपी घालून. २००५ ला रेड्सनी त्याचा १० नंबर रिटायर केला. डेट्रॉइटमध्ये तो १७ सीझन होता, तिथे मात्र काहीच नाही. ४ नोव्हेंबर २०१० ला तो ७६ व्या वर्षी गेला, आणि मग २६ जून २०११ ला टायगर्सच्या कोमेरिका पार्क मैदानात त्याचा तिथला ११ नंबर रिटायर झाला. त्या दिवशी समोरची टीम होती अ‍ॅरिझोना, तिचा मॅनेजर कर्क गिब्सन, आणि त्याच्या शेजारी कोच म्हणून अ‍ॅलन ट्रॅमेल, १९८४ चा स्पार्कीचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर).