मार्जारांतील अवटू-अतिक्रियता : औषधांचे दुष्परिणाम

उतारवयातील मांजरांत अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा अतिरिक्त स्राव आटोक्यात ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांमुळे होणारे अपाय. विकार बहुधा दहा वर्षांपुढील मांजरांत आढळतो. खाणे वाढूनही वजन घटणे, अस्वस्थता, जलद नाडी ही लक्षणे सुपरिचित आहेत.

विकाराचे स्पष्ट वर्णन न्यूयॉर्क व बॉस्टन येथील पशुवैद्यांनी १९७९-८० च्या सुमारास केले. त्याआधी तो विरळ होता की केवळ ओळखला जात नव्हता, याबद्दल मतभेद आहेत. मांजरे अधिक जगू लागली व रक्ततपासण्या सुलभ झाल्या, एवढ्यानेच रुग्णसंख्येतील वाढ उलगडत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. डबाबंद खाद्य, डब्यांच्या आतील लेपातील बिस्फेनॉल-ए, सोयाबीनमधील आयसोफ्लाव्होन, आहारातील आयोडिनचे कमीजास्त प्रमाण, तसेच गाद्या व विद्युत उपकरणांतील ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक यांच्यावर संशय घेतला गेला. मांजर अंग चाटताना घरातील धूळही गिळते, म्हणून शेवटच्या शक्यतेकडे विशेष लक्ष गेले. तथापि एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. बहुसंख्य रुग्णांत ग्रंथीची वाढ सौम्य स्वरूपाची असते, कर्करोग क्वचितच आढळतो.

औषधाने संप्रेरकाची निर्मिती रोखली जाते, गाठ मात्र तशीच राहते. औषध आयुष्यभर द्यावे लागत असल्याने दुष्परिणामांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रारंभी वापरलेले प्रोपिलथायोयुरासिल रक्तावरील गंभीर परिणामांमुळे मागे पडले. सध्या मेथिमाझोल (थायमाझोल) व कार्बिमाझोल प्रचारात आहेत. कार्बिमाझोलचे शरीरात मेथिमाझोलच होते. त्यामुळे एकाने गंभीर अपाय झाल्यास दुसरे देण्यात अर्थ उरत नाही.

बहुतेक अपाय पहिल्या तीन महिन्यांत दिसतात. उलट्या, अन्नावरची वासना जाणे व मरगळ हे त्यांतले नेहमीचे; मात्रा कमी करून पुन्हा हळूहळू वाढवल्यास ते पुष्कळदा शमतात. चेहऱ्याची खाज वेगळी समजावी. मांजर डोळा व कान यांमधला भाग आणि मान मागच्या पायांच्या नखांनी रक्त येईपर्यंत ओरबाडते. मात्रा घटवून ती सहसा थांबत नाही, औषधच बंद करावे लागते. रक्तातील बिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट) किंवा श्वेतपेशी एकाएकी घटणे विरळ, पण धोक्याचे आहे : हिरड्यांतून वा नाकातून रक्त, किंवा ताप आढळल्यास पुढची गोळी न देता तत्काळ पशुवैद्य गाठावा. यकृताला इजा होऊन कावीळ झाल्यासही हेच लागू होते. स्नायुदौर्बल्याचा एक प्रकार (मायस्थेनिया ग्रॅव्हिस) अत्यंत क्वचित नोंदला गेला आहे.

कानाच्या पाळीच्या आतील बाजूस चोळण्याच्या मलमाने पचनाच्या तक्रारी कमी होतात. खाज व रक्तदोष यांचा धोका मात्र टळत नाही. मलम लावताना हातमोजे घालावेत. गर्भवती स्त्रियांनी गोळ्या व मलम दोन्ही हाताळताना विशेष जपावे.

मूत्रपिंडांबाबत अनेकदा गैरसमज होतो. संप्रेरक वाढलेले असता मूत्रपिंडांतून रक्त अधिक वाहते व गाळण वाढते. शिवाय स्नायू झिजल्याने रक्तातील क्रिएटिनीन (स्नायूंपासून तयार होणारे, मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारे टाकाऊ द्रव्य) कमी भरते. उपचाराने गाळण पूर्ववत होताच आधीपासूनचा, झाकलेला मूत्रपिंडविकार उघडा पडतो आणि दोष औषधावर येतो. मात्रा जास्त होऊन संप्रेरक फार खाली गेले असेल, तर मात्र औषधाचाही वाटा असतो. अशा मांजरांचे आयुर्मान कमी आढळले आहे व मात्रा घटवल्याने मूत्रपिंडांचे काम सुधारू शकते. म्हणून टी-४ (अवटू संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण) व क्रिएटिनीन एकत्रच वाचावे. सुरुवातीला दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासण्याचा प्रघात आहे.

औषध न सोसल्यास किरणोत्सारी आयोडिन, शस्त्रक्रिया किंवा आयोडिन मर्यादित ठेवणारा आहार हे पर्याय राहतात. किरणोत्सारी आयोडिनापूर्वी काही काळ औषध देऊन मूत्रपिंडांची चाचणी घ्यावी, असे पूर्वी आग्रहाने सांगितले जाई. आता प्रत्येक मांजराला ती आवश्यक मानली जात नाही. ज्याच्या मूत्रपिंडांविषयी आधीच शंका आहे त्याच्यासाठी ती उपयुक्त दिसते, कारण औषधाचा परिणाम थांबवता येतो, आयोडिनाचा नाही.