अभ्यागत व्हिसा

पर्यटन, नातेवाइकांची भेट किंवा अल्पकालीन व्यापारी कामकाज यांसाठी परदेशी व्यक्तीस एखाद्या देशाने आगाऊ दिलेली अनुमती. तीवर नोकरी करता येत नाही. सोलापुरातून परदेशस्थ मुलांकडे जाणारे आईवडील आणि टॉवेल-चादरींचे निर्यातदार यांचा संबंध प्रामुख्याने याच प्रकाराशी येतो.

प्रवेश-परवान्याचा उगम काही अभ्यासक कौटिलीय अर्थशास्त्रापर्यंत मागे नेतात. त्यातील मुद्राध्यक्ष हा अधिकारी एक माषक (लहान नाणे) घेऊन मुद्रा, म्हणजे प्रवासाचा परवाना, देई व मुद्रेवाचून ये-जा करणाऱ्या जानपदास (देशातील रहिवाशास) बारा पण (तत्कालीन नाणी) दंड होई. ग्रंथाच्या काळाविषयी मात्र एकमत नाही. संस्कृतचे अभ्यासक र. पं. कंगले यांनी ग्रंथ मौर्यकाळात रचला गेल्याचा पक्ष घेतला. इतिहासकार टॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शैलीच्या सांख्यिकीय तपासणीवरून अनेक कर्त्यांचे अनुमान मांडले, व संकलनाचे थर मानणारे हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय मुद्रा स्वदेशीयांनाही लागत असल्यामुळे तिला व्हिसाची थेट पूर्वज म्हणणे धाडसाचे ठरेल. आजची पद्धत पहिल्या महायुद्धातील निर्बंधांतून रूढ झाली. १९२० च्या पॅरिस परिषदेत पासपोर्टच्या नमुन्याविषयी शिफारशी झाल्या. भारतात परदेशगमन हा वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला व त्याच वर्षी पासपोर्ट अधिनियम संमत झाला.

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, ही बाब अर्जदारांच्या ध्यानी क्वचितच असते. अंतिम निर्णय विमानतळावरील किंवा सीमेवरील अधिकारी घेतो. व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत याही वेगळ्या असतात. अमेरिकेचा अभ्यागत व्हिसा भारतीयांना सामान्यतः दहा वर्षांचा मिळत असला, तरी प्रत्येक खेपेचा मुक्काम, जो बहुधा सहा महिन्यांपर्यंत असतो, तेथे पोहोचल्यावरच ठरतो. अर्जदार कायम राहण्याच्या हेतूनेच येत आहे असे अमेरिकी कायदा गृहीत धरतो आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. म्हणूनच निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, सातबारा उतारा, प्राप्तिकर विवरणपत्रे यांना महत्त्व येते. युरोपच्या शेंगेन क्षेत्रात (आपसांतील सीमांवरची तपासणी रद्द केलेल्या देशांच्या गटात) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. ही गणना सरकती असून, म्हणजे दररोज त्या दिवसापर्यंतचे १८० दिवस मोजले जात असून, प्रवेशाचा व प्रस्थानाचा असे दोन्ही दिवस धरले जातात. लीप नसलेल्या वर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च असे ९० दिवस पूर्ण करणाऱ्यास ३० जूनपूर्वी पुन्हा प्रवेश मिळत नाही. या क्षेत्राच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही आवश्यक असतो. अनेक देश पासपोर्टची किमान सहा महिन्यांची शिल्लक मुदत पाहतात.

सोलापूर जिल्हा पुणे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. अमेरिकी व्हिसाच्या मुलाखतीसाठी मात्र बहुधा मुंबईच्या वाणिज्य दूतावासात जावे लागते. स्थानिक अर्जदारांनी नावाकडे विशेष लक्ष द्यावे. शालान्त प्रमाणपत्रावर आडनाव प्रथम असते, तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबांतही तशीच रीत आढळते, आणि विवाहानंतर स्त्रियांचे मधले नाव व आडनाव बदललेले असते. पासपोर्ट, बँकेची कागदपत्रे व विमानाचे तिकीट यांवरील नावे जुळली नाहीत, तर अर्ज अडू शकतो. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या अभ्यागतांस प्रवेश नाकारण्याचा नियम केला आहे.