जुने पोलीस ठाणे, मंजूर इमारत आणि मधली वर्षे

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात जुने पोलीस ठाणे शोधायला फार फिरावे लागत नाही. तहसील कचेरी गाठली की अनेक ठिकाणी तिच्याच आवारात, नाहीतर आवाराच्या भिंतीला लागून, कौलारू किंवा पत्र्याच्या छपराचे ठाणे दिसते. ही शेजारगत जुनी आहे. नव्या इमारतीची फाईल पहिल्यांदा अडते ती बहुधा तिच्यामुळेच.

मुंबई इलाख्यात मामलेदार कचेरी म्हणजे नुसते महसुलाचे कार्यालय नव्हते. सरकारी खजिना तिथेच, दुय्यम कारागृह तिथेच आणि दोन्हींवर पहारा पोलिसांचा. १८६१ चा पोलीस कायदा देशाच्या बऱ्याच भागात लागू झाला, मुंबई इलाख्याने मात्र जिल्हा पोलिसांसाठी स्वतःचा कायदा ठेवला. त्याचे १८९० चे रूप स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालले आणि १९५१ मध्ये मुंबई पोलीस कायदा आला. आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा तो हाच. खजिना, कैदी आणि शिपाई एका आवारात असणे तेव्हा सोयीचे होते. जागा कोणत्या खात्याची, असे कोणी विचारले नाही, कारण जागा सरकारची होती. कागदावर ती महसुलाकडे राहिली, वापर पोलिसांचा आणि डागडुजी सार्वजनिक बांधकाम विभागाची.

विदर्भ आणि मराठवाड्यात नोंदींचा गुंता वेगळा आहे. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता; तिथल्या शहरांतल्या सरकारी जागा नझूलच्या, म्हणजे शहरी सरकारी जमिनींच्या, दप्तरात शोधाव्या लागतात. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथले जुने दप्तर उर्दूत आहे. पश्चिम महाराष्ट्रात तेच मोडी लिपीत. १ मे १९६० ला राज्य एक झाले, पण ठाण्याखालची जमीन नेमकी कोणाची हे दाखवणारा जुना कागद काढायचा तर वाचणारा माणूस आधी शोधावा लागतो.

जागा ताब्यात, नावावर नाही

नव्या इमारतीचा प्रस्ताव पोलीस अधीक्षक कार्यालयातून निघतो. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा आणि चतुःसीमा लागतात. ठाणे शंभर वर्षे त्याच जागेत चालले असले तरी मिळकत पत्रिकेवर पोलीस खात्याचे नाव नसेल, तर बांधकाम विभाग अंदाजपत्रक करायला कचरतो, आणि ते योग्यच आहे. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली मागणी करायची, तहसीलदारांचा स्थळपाहणी अहवाल, नगरपालिकेचा अभिप्राय आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणी मिळवायची. मोजणीत हमखास काहीतरी निघते: पुढच्या बाजूला रस्तारुंदीत गेलेली पट्टी, मागे शेजाऱ्याने आत घेतलेली भिंत, कोपऱ्यात टपरी. नकाशावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष ताब्यातले क्षेत्र यांत फरक पडला की तो मिटेपर्यंत आराखडा काढता येत नाही.

जुन्या जागेचा नाद सोडून गावाबाहेर जायचे ठरले, तर बहुतेक वेळा डोळ्यांसमोर गायरान येते. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींबाबत कडक निकाल दिला. त्यानंतर महाराष्ट्राच्या १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरान देण्यावर मर्यादा आणल्या. सार्वजनिक प्रयोजनासाठी ते मिळू शकते, पण दुसरी जागा उपलब्ध नाही हे आधी दाखवावे लागते आणि ग्रामपंचायतीचे म्हणणे घ्यावे लागते. नदीकाठच्या गावांत पूररेषेची अट त्याहून आधी पाहायला हवी. निळ्या रेषेच्या, म्हणजे वारंवार येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आत बांधकाम नाही; निळ्या आणि क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या लाल रेषेच्या मध्ये असेल तर जोत्याची उंची ठरवून मिळते. पुरात मदतीचा फोन ज्या ठाण्यात येतो, ते स्वतः पाण्यात असू नये, म्हणून ही अट तक्रार न करता पाळण्याची आहे.

नगरपालिका हद्दीत विकास आराखडा मध्ये येतो. जागेवर बाजार किंवा उद्यान असे वेगळे आरक्षण असेल, तर प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यात जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी. ठाण्याच्या जुन्या आवारात चिंच, लिंब किंवा वड असतोच. झाडांच्या जतनाच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर शहरी भागातले पन्नास वर्षांपुढचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि ते तोडण्याची परवानगी सहज मिळत नाही. म्हणून झाडांची नोंद मोजणीच्याच दिवशी नकाशावर घ्यावी. नकाशा मंजूर झाल्यावर झाड आडवे आले तर सगळे पुन्हा काढावे लागते.

दुरुस्तीने लांबलेले आयुष्य

इमारत इतकी खराब असताना तिला धोकादायक का ठरवत नाहीत, हा प्रश्न गावात नेहमी विचारला जातो. इथे बांधकामाचा प्रकार समजून घ्यावा लागतो. जुनी ठाणी काळ्या दगडाच्या नाहीतर कोकणात जांभ्याच्या भिंती, चुन्याने भरलेले सांधे, सागवानी कैच्या (छपर पेलणारे तिकोनी सांगाडे) आणि वर मंगलोरी कौले अशी आहेत. ढाच्याच्या तपासणीतले नेहमीचे प्रयोग काँक्रीटसाठी बनलेले आहेत: रिबाउंड हॅमर, ध्वनिलहरींचा वेग, गाभा काढून दाब तपासणे, फिनॉल्फ्थॅलिन फवारून काँक्रीटचा अल्कधर्म किती खोलीपर्यंत नाहीसा झाला ते पाहणे. ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली आला की जुन्या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीट शंकास्पद. दगड-चुन्याच्या भिंतीला हे मोजमाप लावता येत नाही. तिथे कैचीची टोके भिंतीत जिथे बसतात तिथली कूज, वाळवी, भिंतीचा ओळंबा आणि चुना खरवडून आतली भुकटी पाहावी लागते. तपासणाऱ्याने ते पाहिलेच नाही तर अहवाल 'दुरुस्तीयोग्य' असा येतो.

आणि दुरुस्ती होते. दरवर्षी पावसाळ्याआधी कौले परतणे, वर ताडपत्री, पुढच्या वर्षी कौले काढून पत्रा. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा, म्हणजे आतला ओलावा आतच कोंडून दगडांमधला चुना आणखी भुसभुशीत. संगणकासाठी जाड भिंतीत पाडलेली भोके, वातानुकूलन यंत्रासाठी कापलेली चौकट. देखभालीच्या निधीतून होणारे हे काम छोटे असते, लगेच मंजूर होते आणि प्रत्येक वेळी इमारतीला कागदोपत्री आणखी काही वर्षे मिळतात. नुकताच खर्च झालेल्या इमारतीचे निर्लेखन, म्हणजे ती वापरातून कमी करून पाडण्याची मंजुरी, मागितली की लेखापरीक्षणात आक्षेप येतो. रंगरंगोटी, फरशी, पाट्या आणि स्वागतकक्ष यांवर लोकवर्गणी किंवा जिल्हा नियोजनचा निधी लागला तरी परिणाम तोच. रंग लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण कैची कुजलेलीच राहते.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या काँक्रीटच्या ठाण्यांची गोष्ट उलटी आहे. सळईवरचे आवरण कमी, किनारपट्टीला हवेतले क्षार, गच्चीवर साचणारे पाणी. त्यामुळे स्लॅबचे पोपडे पडून गंजलेली सळई उघडी पडते. अशी इमारत तपासणीत लवकर नापास होते. दगडी ठाण्याआधी तिला पैसे मिळाले तर नवल नाही.

पैसा कुठून, आणि तो का पुरत नाही

केंद्राची पोलीस दल आधुनिकीकरण योजना १९६९-७० पासून चालू आहे. वाहने, शस्त्रे, बिनतारी संच, न्यायवैद्यक साधने यांच्या जोडीला इमारतींनाही तिच्यातून वेळोवेळी मदत मिळाली. राज्यात १९७४ मध्ये पोलीस गृहनिर्माण महामंडळ स्थापन झाले. नावाप्रमाणे त्याचे पहिले काम वसाहतींचे, कारण शिपायांच्या लाइनींची अवस्था ठाण्यांपेक्षा वाईट होती. ठाण्यांच्या इमारती त्याच्याकडे पुढे येत गेल्या. काही कामे महामंडळाकडे, काही बांधकाम विभागाकडे. प्रस्ताव कोणी करायचा हे आधी ठरले नाही तर एकाच ठाण्याची दोन अंदाजपत्रके तयार होतात आणि दोन्ही पडून राहतात.

मंजुरीचा क्रम असा: जागा निश्चित, माती परीक्षण, वास्तुविशारदाचा नकाशा, चालू दरसूचीवर अंदाजपत्रक, गृह विभागाकडून प्रशासकीय मान्यता, अर्थसंकल्पात तरतूद, सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. पोलिसांच्या भांडवली खर्चाचे लेखाशीर्ष ४०५५. पहिल्या वर्षी तरतूद नाममात्र ठेवली जाते, खरी रक्कम पुरवणी मागण्यांतून यायची असते. ती डिसेंबरच्या अधिवेशनात आली तर मार्चअखेर जेमतेम तीन महिने हातात राहतात. मध्ये आचारसंहिता लागली की निविदा थांबते आणि न वापरलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो.

दरम्यान दर हलतात. उदाहरणादाखल हिशेब करू. अंदाजपत्रक ४ कोटींचे आहे आणि दर वर्षाला ५ टक्के वाढतात असे धरले, तर चार वर्षांनी तेच काम सुमारे ४ कोटी ८६ लाखांचे होते. १८ जुलै २०२२ पासून सरकारी बांधकाम कंत्राटांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. ४ कोटींवर तेवढ्यानेच २४ लाख वाढले. मूळ मान्यतेपेक्षा खर्च साधारण १० टक्क्यांहून जास्त होणार असेल तर सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. म्हणजे फाईल पुन्हा मंत्रालयात. ती परत येईतो नवी दरसूची आलेली असते. त्यातच ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने करोनाकाळात नवी बांधकामे थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाल्यावर आधीचे नकाशे वाहनतळ आणि सामासिक अंतरांसाठी (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेसाठी) पुन्हा तपासावे लागले. २०१८-१९ च्या आसपास तयार झालेल्या अंदाजपत्रकांवर हे तिन्ही घाव एकामागून एक बसले.

निविदेतही काम अडते. तीनपेक्षा कमी बोली आल्या तर मुदतवाढ किंवा फेरनिविदा. दुर्गम तालुक्यात दोनच कंत्राटदार पुढे येणे नवीन नाही. फार कमी दराने काम घेणारा पाया आणि जोते बांधून देयक उचलतो, पुढचे देयक निधीअभावी थांबते आणि उघड्या सळया दोन पावसाळे खातात. पुन्हा काम सुरू करताना त्या सळया घासून, तपासून मगच काँक्रीट ओतायला हवे. घाईत हेच वगळले जाते.

तोवर गरज बदलते

नकाशा मंजूर होताना जे ठाणे पुरेसे वाटले ते बांधून होईपर्यंत अपुरे पडते. गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक जोडणी असलेला सीसीटीएनएस प्रकल्प २००९ मध्ये मंजूर झाला. त्याला वेगळी खोली, अखंड वीज आणि नीट अर्थिंग लागते. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बंधनकारक केले: प्रवेशद्वार, कोठड्या, मार्गिका, अधिकाऱ्यांच्या खोल्या, स्वच्छतागृहांच्या बाहेर, मागची बाजू, आवाजासह, रात्री दिसेल असे. चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपायचे. गळक्या छपराखाली हे यंत्र टिकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उतार आणि रुंद दारे आवश्यक केली. जुन्या ठाण्यांचे जोते चार-पाच पायऱ्या उंच असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आणले, म्हणजे ते जपण्याची जागाही हवी. महिला अंमलदारांसाठी स्वतंत्र विश्रांतीकक्ष आणि स्वच्छतागृह तर जुन्या नमुना नकाशांत नव्हतेच. रात्रपाळीच्या महिला अंमलदाराला शेजारच्या घरात जावे लागणे, ही अडचण कोणत्याही अंदाजपत्रकात मोजली जात नाही, पण या सगळ्या यादीत सर्वांत आधी तीच सोडवायला हवी.

जुन्याच जागेवर बांधायचे तर मधल्या काळात ठाणे कुठे न्यायचे, हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. भाड्याच्या घरात ठाणे अंमलदाराचे टेबल मांडता येते, कोठडी मांडता येत नाही. आरोपी शेजारच्या ठाण्यात ठेवावे लागतात; म्हणजे रोज ने-आण, गाडी आणि पहाऱ्याची माणसे. शस्त्रे मुख्यालयात पाठवावी लागतात. मुद्देमाल हलवताना प्रत्येक नग नोंदवहीशी ताडून, लाख-मोहोर तपासून घ्यावा लागतो. एक सील तुटले तर खटल्यात बचाव पक्ष तेच धरतो. शक्य असेल तिथे आवाराच्या मोकळ्या भागात नवी इमारत आधी बांधून मग जुनी पाडणे बरे, पण तो मोकळा भाग जप्त वाहनांनी भरलेला असतो. ही वाहने ठाण्यात सडवू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये मुदतीही आहेत: न्यायालयापुढे मालमत्ता हजर झाल्यावर १४ दिवसांत तिचे वर्णनपत्र आणि छायाचित्रे, त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. जागेची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते त्याच आठवड्यात या वाहनांचे अर्ज न्यायालयात गेले, तर कार्यारंभ आदेश हाती येईल तेव्हा पायाची खोदाई सुरू करायला आवार मोकळे असेल.